नाहीची वही

यंत्र ओरडलं नाही, म्हणून मी मंडईत मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले. एरवी छकुलीच्या कानातलं, ऐकायच्या यंत्राचं बोंड निसटून छातीवर लोंबायला लागलं की यंत्र कुंई करून ओरडतं आणि आजूबाजूची माणसं आधी इकडंतिकडं बघतात, मग माझ्या पोरीकडं, मग माझ्याकडं. हे बघणं मला अकरा महिन्यांत पाठ झालंय. त्यातली एखादी बाई विचारतेच, "गाणी ऐकती का काय पोरगी?" आणि मी म्हणते, "व्हय, गाणी ऐकती." खरं सांगायला लागलं की मेथी घरी पोचायच्या आत सुकते. पण आज बोंड निसटलं, वायरीला लोंबकळलं, छकुली भोपळ्यांच्या ढिगाकडं बघत चालत राहिली आणि काहीच ओरडलं नाही. बारामतीच्या मंडईत सकाळी दहाला काय कमी गोंगाट असतो, पण त्या सगळ्या गोंगाटात मला तेवढं एक न ओरडणं ऐकू आलं. भाजीवाली म्हणाली, "घ्यायची हाय का नुसती धरायची हाय?" मी जुडी खाली ठेवली, उकिडवी बसले, पोरीच्या छातीवरच्या, मीच शिवलेल्या कापडी खिशातून डबी काढली आणि नखानं झाकण सरकवलं. आत सेल होता. त्याच्या बुडाला पांढरी बुरशी धरली होती. मी त्याला लगेच ओळखलं. तो आमच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल होता.

मागच्याच्या मागच्या रविवारी संध्याकाळी घड्याळ बंद पडलं. मल्हारची सोमवारी पहिली पाळी. मल्हार म्हणजे माझा नवरा, नाव घेते मी, उखाण्याशिवाय घेते, काय व्हायचं ते होऊ दे. तो कारखान्यात लेथवर आहे, पाच मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस गेला. दुकानं बंद होती. मी यंत्रातला सेल काढून घड्याळात घातला आणि झाकण खुळखुळू नये म्हणून घड्याळातला मेलेला सेल यंत्रात बसवला. सोमवारी नवा आणते, असं तोंडानं म्हणालेसुद्धा. सोमवारी पाणी आलं नाही, मंगळवारी माझी आई कन्हेरीहून आली, आणि मग डोक्यातून गेलंच. आज मंगळवार. नऊ दिवस. यंत्र देणाऱ्या पुण्याच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की सकाळी यंत्र आधी स्वतःच्या कानाला लावून बघायचं आणि मगच पोरीच्या कानात घालायचं. पहिले चार महिने मी दात घासायच्या आधी ते करत होते. मग कधी सुटलं ते मला आठवत नाही. वाईट गोष्टी सुटतात तेव्हा माणूस नारळ फोडतो, चांगल्या सुटतात तेव्हा पत्ताच लागत नाही. आणि नऊ दिवसांत यंत्र एकदाही ओरडलं नाही, तर मला काय वाटलं असेल? वाटलं, पोरगी आता शहाणी झाली, बोंड नीट सांभाळते. गोजरबाईंना तसं सांगितलंसुद्धा, त्या आमच्या घरमालकीण. त्या म्हणाल्या, "पोर गुणाची हाय."

येताना दुकानातून नवा सेल घेतला, पण घातला नाही. पिशवीच्या तळाला राहू दिला. आधी वहीतले ते नऊ दिवस बघायचे होते. वाटेत छकुलीचं बोट धरून चालताना मी तिच्याशी बोलत होते, सवयीनं. "ही सायकल. ही म्हैस. म्हशीनं शेण टाकलं." बाईंनी सांगितलंय, बोलत राहायचं, दिवसभर, जे दिसेल ते. पहिलं वर्ष काही दिसणार नाही, तरी बोलायचं. मला तेव्हा ते फार आवडलं होतं, खोटं का बोलू. मी दहावी पास, गुण बरे होते, पुढं शिकायचं राहिलं. कुणीतरी मला एक मोठं काम दिलंय, आणि ते वर्षभर दिसणार नाही इतकं मोठं आहे, याचा मला गर्व चढला होता. इंदापूरच्या अलीकडची आमची वस्ती सोडून आम्ही बारामतीत खोली घेतली ती ह्याच्यासाठीच, कारण बाई दर पंधरवड्याच्या गुरुवारी पुण्याहून इथं येतात, दवाखान्यामागच्या खोलीत बसतात आणि माझ्यासारख्या सात-आठ जणींच्या वह्या बघतात. पहिल्या वहीला मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. काय ती हौस.

वहीचं काम असं. पोरीला पाठमोरं बसवायचं, हातात मणी द्यायचा, समोर पत्र्याचा डबा. आपण मागं उभं राहायचं, तोंडासमोर पुठ्ठा धरायचा म्हणजे श्वाससुद्धा तिला लागू नये, आणि हाक मारायची. आवाज आला तर तिनं मणी डब्यात टाकायचा. टाकला तर वहीत हो, नाही टाकला तर नाही. दिवसातनं पाच वेळा. एवढंच. शेतात एवढंसं काम कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण उन्हाळाभर रोज पाच वेळा नाही लिहून बघा. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं आणि वर घडा किती भरला त्याची नोंद ठेवावी. जूनमध्ये मी हाक मारताना मनात भाजीचं मीठ मोजायला लागले. ऑगस्टमध्ये एक दिवस तर मी हाक न मारताच नाही लिहून टाकलं, कारण काय होणार ते मला ठाऊकच होतं. आणि मग दसऱ्यानंतर हो यायला लागले. आधी आठवड्यात एक. मग दोन. दिवाळीत मी भाऊबीजेला भावासमोर पोरीला बसवून दाखवलं आणि तिनं मणी टाकला, टण्ण. माझा भाऊ रडला. आईनं मोरगावच्या गणपतीला बोललेला नारळ फोडून आणला. बाईंनी वही बघितली, यंत्रावरचं आवाज वाढवायचं बारीक दात्यांचं चाक आणखी फिरवणार होत्या ते थांबवलं आणि म्हणाल्या, "तीनवर ऐकतेय म्हणजे तीनच ठेवू, उगाच कानाला त्रास नको." मी त्या रात्री मल्हारला उठवून सांगितलं की बघ, मी म्हणत होते ना.

घरी आले, दार लोटलं, पिशवी टाकली आणि मोरीवर पायसुद्धा न धुता वही काढली. आजचा सोडून आठ दिवस, चाळीस हाका. हो होते एकतीस. मी पुन्हा मोजले. त्याच्या आधीच्या कुठल्याच आठ दिवसांत एवढे हो नव्हते. पोरीचं यंत्र मेलेलं असताना पोरगी सगळ्यात चांगलं ऐकत होती. पहिल्यांदा, देवाशपथ, मला आनंद झाला. मनात आलं, हिला यंत्राशिवाय ऐकू यायला लागलं. एक क्षणभर मी ते खरं धरलं. आईच्या नारळापासून गोजरबाईंच्या अंगाऱ्यापर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात हात जोडून झाले. मग मी मेलेल्या सेलाचंच यंत्र पोरीच्या कानात घातलं, तिला तिच्या जागेवर बसवलं, मणी दिला, मागं गेले, पुठ्ठा धरला आणि म्हणाले, "छकुली." टण्ण. पुन्हा म्हणाले. टण्ण. तिसऱ्यांदा मी काही बोललेच नाही. नुसता पुठ्ठा वर उचलला, हनुवटी उचलली, हाक मारताना माझ्या भुवया जातात तशा वर नेल्या. गळ्यातून आवाज काढला नाही. टण्ण. आणि पोरगी हसली. माझ्याकडं वळून नाही. समोर बघत हसली.

तिच्या समोर मांडणी होती. दसऱ्याला घेतलेली, स्टीलची. वरच्या फळीवर सहा ताटं उभी लावलेली, मी रोज राखेनं घासून, फडक्यानं पुसून आरशासारखी ठेवते. बारामतीत आल्यापासून तेवढीच एक मिरवण्याची गोष्ट माझ्याकडं होती. मी खाली वाकले, पोरीच्या डोक्याला डोकं लावलं आणि ती बघत होती तिथं बघितलं. मधल्या ताटात मी होते. जरा फुगलेली, पण मीच; मागं दाराचा उजेड, हातात पुठ्ठा. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, इथं तर मी सहा लावून ठेवले होते. मी उठून एकेक ताट पालथं केलं, भिंतीकडं तोंड करून लावलं. नवा सेल घातला. यंत्र स्वतःच्या कानाला लावून बघितलं. माझाच श्वास घोंघों करत आला. पोरीच्या कानात बोंड बसवलं, मागं गेले, आणि हाक मारली. काही नाही. जोरात मारली. काही नाही. खालून गोजरबाई म्हणाल्या, "काय गं, काय झालं?" त्यांना ऐकू गेलं होतं.

मग मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मला सिद्धूआबा आठवले. आठवले कसले, समोर येऊन उभेच राहिले. ते माझे सासरे. आयुष्यभर मेंढरं राखलेली. आम्ही वस्तीवर होतो तेव्हा कळपात दीडशे होती, आता चाळीस उरलीत. पोर दोन वर्षांची झाली तरी बोलेना तेव्हा माझ्या जिवाला घोर लागला, पण सासूबाई, सारजाबाई, म्हणायच्या, "आमच्यात उशिरा बोलत्यात. मल्हार चार वर्सांचा हुईस्तवर मुका हुता." आणि आबा म्हणायचे, "आईकतंय की पोर. माझ्या हाळीला कसं वळतंय बघ." ते खरंच होतं. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे रात्री त्यांच्याभोवती लावतात त्या जाळीत असायची, छकुली त्यांच्यातच खेळत असायची, आणि आबा बांधावरून हाळी द्यायचे. हुर्रर्र करून एकदम लांबवर जाणारी. पोर मान वळवून आबांकडं बघायची आणि हात वर करायची. रोज. आम्ही सगळ्यांनी बघितलंय. त्या एका वळलेल्या मानेवर आम्ही तिची दीड वर्षं घालवली. शेवटी मी हट्टानं पुण्याला नेलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की जन्मापासूनच नाही. वस्तीवर परत आल्यावर आबा म्हणाले, "डाक्टर खोटं बोलतोय." त्या संध्याकाळी मी मुद्दाम बांधाच्या पलीकडं जाऊन उभी राहिले. आबांनी हाळी दिली. दीडशे माना आबांकडं वळल्या. आणि सगळ्यांच्या नंतर, एका श्वासाएवढ्या उशिरानं, माझ्या पोरीची वळली. मेंढरं जिकडं बघतात तिकडं ती बघत होती. तिला हाळी ठाऊकच नव्हती. तिला मेंढरं ठाऊक होती.

मी ते आबांना नीट सांगितलं असतं तर चाललं असतं. एकट्यात, भाकरी वाढताना, हळू. पण माझी जीभ. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या मेंढरांनी माझ्या पोरीची दीड वर्षं खाल्ली. तुमाला मेंढरू न् पोर ह्यातला फरक कळंना व्हय?" आबा काठी उचलून वाघरीकडं गेले. आम्ही बारामतीला आलो त्याला वर्ष होत आलं, आबा एकदाही आले नाहीत. सासूबाई येतात, हुलगे आणतात, पोरीला मांडीवर घेतात, आणि मी विचारलं तर म्हणतात, "त्यांचं गुडघं दुखतंय." आणि आता मी काय केलं होतं? आबांना दीडशे मेंढरं तरी लागली. मला सहा ताटं पुरली. वर मी लिहीत होते. आबांना लिहिता येत नाही म्हणून त्यांची चूक हवेत तरी गेली, माझी शाईनं, तारखेसकट, पाच महिने बसली होती.

मल्हार पाळीवरून आला तेव्हा मी त्याला सेलाचं सांगितलं, ताटांचं नाही. तो म्हणाला, "नऊ दिसाचं काय एवढं? सेल घातलास ना, मिटलं." मग ताटं पालथी बघून म्हणाला, "ही अशी का?" मी म्हणाले, "धूळ बसती." तो जेवला, पोरीला खांद्यावर घेऊन गच्चीत गेला. तो चांगला माणूस आहे आणि त्याला मिटवायची फार घाई असते. परवाचा गुरुवार म्हणजे बाईंचा गुरुवार. मी वही उघडी ठेवून बसले. नऊ दिवसांचे हो खोडून नाही करणं सोपं होतं. म्हणायचं, सेल संपला होता, आणि बाकीचे पाच महिने तसेच राहू द्यायचे. कुणाला कळणार होतं? ताटं मी पालथी केलीच होती. पण मी तो विचार जितका उगाळला तितका काळाच निघाला, कारण त्याच्या तळाशी यंत्राचं चाक होतं. बाईंनी तीनचा आकडा माझ्या वहीवर ठेवला होता. पोरीला तीनवर काहीच जात नसेल तर ती ह्या घरात पाच महिने नुसती डबी गळ्यात अडकवून फिरली. अकरा महिन्यांतले पाच. आणि बाई म्हणतात, लहानपणाचे महिने परत मिळत नाहीत, साडेचारच्या पुढं कान असला तरी डोकं आवाज ओळखायचं विसरत जातं. ती आता साडेचारची होती. खोटं धरून ठेवलं तर माझी अब्रू राहणार होती आणि पोरगी जाणार होती. एवढं सरळ होतं. तरी मला ते ठरवायला बुधवार पुरा लागला, ह्याची मला आजही लाज वाटते.

बाईंना मी सगळं सांगितलं. सेल, घड्याळ, मांडणी, ताटं, भाऊबीज. त्या पिकलेल्या केसांच्या, शांत बाई आहेत, थर्मासमधला चहा झाकणात ओतून पितात. त्यांनी झाकण खाली ठेवलं, वही दसऱ्यापासून आजपर्यंत पानापानानं बघितली आणि चष्मा काढला. म्हणाल्या, "मी तीनवर थांबले ती ह्या वहीमुळं." मी म्हणाले, "ठाऊक आहे मला." त्या म्हणाल्या, "मला राग येतोय, मनीषाताई. माझा मला येतोय, एकदा घरी येऊन बसायची जागा बघायला हवी होती. आणि थोडा तुमचाही येतोय." मला बरं वाटलं. गोड बोलल्या असत्या तर मी तिथंच मोडले असते. त्यांनी छकुलीला जवळ घेतलं, चाक तीनवरून पाचवर नेलं, पोरीच्या डोळ्यांत बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "पुन्हा पहिल्या पानापासून." मी विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा काय सांगितलं होतं?" मी म्हणाले, "वर्षभर काही दिसणार नाही." त्या म्हणाल्या, "तेच." मी म्हणाले, "पण ते वर्ष झालं की, बाई." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "ते झालंच नाही," त्या म्हणाल्या.

नवी वही मी घेतली नाही. त्याच वहीत, एक पान कोरं सोडून, पुढं पहिला दिवस लिहिला. हळदकुंकू वाहिलं नाही. पोरीची जागा बदलली, कोऱ्या भिंतीकडं तोंड, माझी सावली पडू नये म्हणून दार लावून घेतलेलं. नाही, नाही, नाही, नाही, नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं होतं, एकदा नाहीची सवय झालेलीच आहे, दुसऱ्यांदा सोपं जाईल. उलटं होतं. पहिल्या नाहीमागं निदान काहीतरी येणार असं होतं. आता मला हो कसा लागतो ते ठाऊक झालं होतं. टण्ण वाजल्यावर छातीत काय होतं ते ठाऊक झालं होतं. मी रोज त्याच्याशिवाय उठत होते. आणि खरं सांगू का, कुणाला सांगितलं नाही ते इथं सांगते: दसऱ्याच्या सुमाराला मी सोडायच्या बेतात होते. सामान बांधून वस्तीवर जावं, पोर कळपात सोडावी, मेंढरांना कुठं बोलावं लागतं, असं मी मनात ठरवतच आले होते. त्या ताटांनी मला धरून ठेवलं. खोट्या होनं मला पाच महिने उभं केलं. तो नसता तर मी आज खरं नाही लिहायलासुद्धा इथं नसते. ह्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. शिव्या घालाव्यात तर कुणाला, आणि उपकार मानावेत तर कुणाचे?

छकुलीचंही काहीतरी हरवलं होतं. तिला माझं तोंड बघून मणी टाकायचा खेळ आवडत होता; ती टाकायची, मी नाचायची, तिला उचलून फिरवायची. पाच महिने ती मला खूश करत होती. आता समोर भिंत, मागं मी दगडासारखी. ती पुन्हापुन्हा वळून बघायची आणि मी तिचं डोकं धरून पुढं वळवायची. बाराव्या की तेराव्या दिवशी तिनं मणी भिरकावले, मांडणीखाली, मोरीत, सगळीकडं. माझं टाळकं सटकलं. मी तिला खांद्यांना धरलं आणि तिच्या तोंडावर ओरडले, काय ओरडले तेही आठवत नाही, तिच्या गालावर माझी थुंकी उडालेली तेवढी दिसली. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग खाली वाकून तिनं फरशीवरचा एक मणी उचलला आणि हळूच डब्यात टाकला. आणि माझ्याकडं बघितलं, झालं का, असं. मी तिला पोटाशी धरलं आणि इतकी रडले की गोजरबाई जिना चढून आल्या. त्या म्हणाल्या, "सोड की बाई आता. देवाच्या मनात असंल तर बोलंल. तू का जीव जाळतीस?" मी म्हणाले, "देवाला वेळ न्हाय, मावशी. त्याच्या वह्या लई असतील." त्या माझ्या बोलण्याला सरावल्यात, मोरीतले मणी वेचायला बसल्या. त्या संध्याकाळी मी मल्हारला ताटांचं सांगितलं. तो मांडणीकडं बघत राहिला, मग म्हणाला, "आबांच्या मेंढरागत." मी म्हणाले, "रविवारी जा आणि आबांना घेऊन ये. मी बोलवलंय म्हण."

आबा इंदापूर गाडीनं आले. घोंगडी खांद्यावर, काठी हातात, फेटा नवा बांधलेला. मी त्यांना वर्षानं बघत होते; खुर्ची पुढं केली तर बसले नाहीत, दाराशी फरशीवर टेकले. छकुली पळत जाऊन त्यांच्या मांडीत पडली. तिला बोलवावं लागलं नाही. मी चहा दिला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, बाईंना सांगितलं तसंच. शेवटी म्हणाले, "तुमाला मी लई वाईट बोलले, आबा. तुमच्यापेक्षा मोठी चूक मी केली." आबांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला नाही. म्हणाले, "तू बोललीस त्याच्या दुसऱ्या दिसाला मी मेंढरं वढ्यापल्याड धाडली. पोर एकटंच वाघरीत बसवलं. न् बांधावरनं हाळी दिली." त्यांनी बशी खाली ठेवली. "तीनदा दिली. वळलं न्हाय." मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "काय सांगायचं? तुला ठावच हुतं." मग पोरीच्या केसांतून हात फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तवापासनं हाळी देतच न्हाय. म्हस्कू देतो. माझ्या नरड्यातनं निघत न्हाय." म्हस्कू त्यांच्याकडं मेंढरं वळायला आहे.

दुपारच्या हाकेची वेळ झाली. मी आबांना म्हणाले, बघा कसं करतात ते. यंत्र माझ्या कानाला लावून बघितलं, बोंड बसवलं, दार लावलं, आबांना बाजूला, तिच्या नजरेआड पण तिचे हात दिसतील असं बसवलं. म्हणाले, "हलायचं न्हाय. तोंडसुद्धा हलवायचं न्हाय." ते मान हलवणार होते, ती अर्ध्यात थांबवली. छकुली भिंतीकडं तोंड करून मणी दोऱ्यात एकामागं एक ओवत बसली होती; हल्ली ती डब्याची वाट बघत नाही, आपलं आपलं ओवत बसते. मी पुठ्ठा धरला. अठरावा दिवस, तिसरी हाक. "छकुली."

तिचा हात थांबला. मणी दोऱ्याच्या टोकाशी होता, तो तिथंच राहिला. एवढासा वेळ, मी श्वास घेतला नाही तेवढा. मग तिनं मणी ओवला आणि पुढचा उचलला. मी आबांकडं बघितलं. ते गुडघ्यावर आले होते, डोळे भरले होते. "आईकलं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "हात थांबला गं पोरी, मी बगितला. आईकलं तिनं. लिव, व्हय लिव." माझं काळीज इतकं वाजत होतं की तेच तिला ऐकू गेलं असेल. मला लिहायचं होतं. पेन हातात होतं, नव्हे, पेनानं ह ला सुरुवातच केली होती. दोरा अडकला असेल. मणी बारीक असेल. खालच्या रस्त्यानं ट्रॅक्टर गेला असेल आणि फरशी थरथरली असेल. किंवा माझ्या पोरीच्या डोक्यात, आयुष्यात पहिल्यांदा, कुठूनतरी काहीतरी आलं असेल आणि तिला ते काय आहे हे ठाऊक नसेल, म्हणून ती नुसती थांबली असेल. मी पुन्हा हाक मारली, चौथी. हात थांबला नाही. पाचवी मारली. थांबला नाही.

मी सुरुवात केलेला ह खोडला आणि लिहिलं, नाही. आबा माझ्या हाताकडं बघत होते. त्यांना वाचता येत नाही, पण खोडलेलं कळतं. "काय लिवलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "न्हाय लिवलं, आबा." ते खाली बसले. मी पेन पुन्हा टेकवलं आणि त्याच ओळीत पुढं दोन शब्द लिहिले. "आन् हे त्याच्या म्होरं काय?" आबा म्हणाले. मी म्हणाले, "हात थांबला. एवढंच." आबांनी ते मनात घोळवलं. मग उठले, घोंगडी खांद्यावरून काढून घडी घातली आणि काठी मांडणीशेजारच्या कोपऱ्यात उभी केली. "मल्हारला सांग, आज माझी गाडी बघू नगं," ते म्हणाले. "उद्या तू हाक मार. तिच्या हाताकडं मी बघतो."